तिवरांच्या वनातला उजेड

अबुधाबीत जंगलवाट म्हटलं की लोक हसतात. पण यास आणि सादियात या बेटांच्या मधे जुबैल बेटावर खारफुटीचं वन आहे आणि त्यातून सुमारे दोन किलोमीटरची लाकडी पायवाट जाते. झाड आपल्या कोकणच्या खाडीतलंच, तिवर.

इथे उजेड दोनदा येतो, वरून आणि पाण्यावरून उलटून. शिवाय तिवराची पानं वरून चकचकीत, खालून रुपेरी. त्यामुळे दुपारी फोटोत नुसते पांढरे डाग पडतात. अबुधाबी कर्कवृत्ताच्या किंचित उत्तरेला असल्याने जूनमध्ये मध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. डिसेंबरात तो ४२ अंशांपर्यंतच चढतो. म्हणून हिवाळा बरा, आणि त्यातही सूर्योदयानंतरचा पहिला तास. तेव्हा सूर्य समोर ठेवा, पानं आतून पेटल्यासारखी दिसतात. एक्स्पोजर उजळ भागावर बांधा, सावल्या काळ्या झाल्या तर होऊ द्या. पाण्याची चकाकी पोलरायझर कापतो, पण मला ती पुष्कळदा हवीच असते.

भरती-ओहोटीचं वेळापत्रक आधी पाहा. ओहोटीला चिखलातून वर आलेली श्वासमुळं दिसतात, तिरप्या उन्हात प्रत्येकाची लांब सावली पडते. भरतीला ती बुडतात आणि आरसा मिळतो.

आणि हो, एसी गाडीतून कॅमेरा थेट दमट हवेत काढलात की भिंगावर बाष्प धरतं. पिशवीतच पंधरा-वीस मिनिटं राहू द्या.