पडद्यावरचा शेअर बाजार आणि प्रत्यक्षातील नोकरी

कुर्ला स्थानकाच्या पश्चिमेला उतरून शेअर रिक्षात बसले की थोड्याच वेळात वांद्रे-कुर्ला संकुल येते. राष्ट्रीय शेअर बाजार आणि बाजारावर देखरेख ठेवणारी सेबी या दोन्ही संस्थांची मुख्यालये तेथे आहेत. तरीही आपल्या मुलांना शेअर बाजार भेटतो तो पडद्यावर.

हर्षद मेहता यांच्यावरील ‘स्कॅम १९९२’ ही मालिका २०२० मध्ये आली. एक फोन, एक सौदा आणि कोट्यवधींचा नफा हे चित्र अशा कथांतून मनात ठसते. त्यांत हातवारे करीत ओरडणारे दलाल असतात. परंतु मुंबई शेअर बाजारात १९९५ मध्ये संगणकावर व्यवहार सुरू झाले आणि तो गलबला संपला.

प्रत्यक्षातील काम शांत आणि चिकाटीचे असते. बाजार सकाळी सव्वानऊ ते दुपारी साडेतीनपर्यंत चालतो. कर्मचाऱ्यांचा दिवस मात्र त्याआधी सुरू होतो व नंतर संपतो. सौद्यांचे शेअर व पैसे दुसऱ्या दिवशी पोहोचवायचे, त्यांचा ताळमेळ घालायचा, ग्राहकांची कागदपत्रे तपासायची, कंपन्यांचे ताळेबंद वाचायचे, नियम पाळले जातात की नाही हे पाहायचे. या कामाचा मोबदला म्हणजे महिन्याचा पगार.

स्वतःच्या पैशाने सट्टा खेळणे ही निराळी गोष्ट. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये व्यवहार करणाऱ्या दर १०० व्यक्तींपैकी ९३ जणांना तोटा झाला. एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता. मोबाइलवर ट्रेडिंग करणाऱ्या आपल्या मुलाला पालकांनी हा आकडा अवश्य सांगावा.

या क्षेत्राशी आपले नाते जुने आहे. बडोद्याची नोकरी सोडून मुंबईस परतल्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी शेअर व्यवहाराविषयी सल्ला देणारा व्यवसाय सुरू केला होता. सल्लागार अस्पृश्य असल्याचे कळताच ग्राहक दुरावले. पुढे १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. ज्ञानात उणीव नव्हती. दार बंद होते.

आज ते दार पूर्ण उघडले आहे, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु वाणिज्य शाखेची पदवी किंवा एनआयएसएमची प्रमाणपत्र परीक्षा यांसाठी कोणाची शिफारस लागत नाही, अभ्यास लागतो. या क्षेत्रात नोकरी करणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी वसतिगृहात येऊन आपला एक साधा कामाचा दिवस मुलांना सांगावा, ही आमची विनंती.