अणुवैद्यकातील प्रतिमा सुस्पष्ट कशी होते?

हिवाळ्यात पहाटे दाट धुके उतरले की मालवणच्या धक्क्यावरून समोरचा सिंधुदुर्ग किल्ला दिसेनासा होतो. किल्ला जागच्या जागी असतो. धुक्यात विखुरलेला प्रकाश त्याची तटरेषा पुसून टाकतो. अणुवैद्यकातील प्रतिमेपुढील अडचण नेमकी हीच होय.

मुंबईत परळ येथे भाभा अणुसंशोधन केंद्राचे ‘रेडिएशन मेडिसिन सेंटर’ १९६३ पासून या शाखेचे कार्य करीत आहे. हाडांच्या तपासणीत टेक्नेशियम-९९एम हे किरणोत्सारी द्रव्य अल्प मात्रेत शिरेतून टोचले जाते. कर्करोग हाडांत पसरला असल्यास तेथे ते बहुधा अधिक साठते व तेथून निघणारे गॅमा किरण कॅमेरा टिपतो. मात्र वाटेतील मांसपेशींवर आदळून कित्येक किरण दिशा बदलतात आणि भलत्याच ठिकाणाहून आल्याचा भास निर्माण करतात. लहानशी गाठ अशा धुरकटपणात हरवली, तर उपचाराची दिशाच चुकण्याचा संभव असतो.

त्यावरील पहिला उपाय म्हणजे कॅमेऱ्यापुढील सच्छिद्र शिशाची जाड चकती. ती सरळ येणाऱ्या किरणांनाच वाट देते. दहा हजारांतून एखाद-दुसराच पार होतो. दुसरा उपाय ऊर्जेच्या मोजमापाचा. टेक्नेशियमच्या किरणाची ऊर्जा १४० किलो-इलेक्ट्रॉन व्होल्ट असते व आदळल्यावर ती घटते. म्हणून १२६ ते १५४ या मर्यादेबाहेरील किरण यंत्र नाकारते. तथापि ४५ अंशांनी वळलेल्या किरणाजवळही सुमारे १३० इतकी ऊर्जा उरते आणि तो या चाळणीतून सहज निसटतो! याकरिता मर्यादेलगतच्या कमी ऊर्जेचे किरण वेगळे मोजून, त्यावरून भेसळीचा अंदाज बांधून ती वजा करतात. कॅडमियम-झिंक-टेल्युराइडच्या नव्या स्फटिकांत ऊर्जा अधिक अचूक मोजली जात असल्याने चाळणी आणखी बारीक करता येते.

प्रतिमेच्या सुस्पष्टतेत रुग्णाचाही वाटा असतो, ही गोष्ट गावोगावी सांगण्याजोगी आहे. सुई दिल्यानंतर दोन-तीन तास थांबविले जाते, ते कर्मचाऱ्यांच्या दिरंगाईमुळे नव्हे. तेवढ्या अवधीत हाडांनी न घेतलेले द्रव्य मूत्रावाटे निघून जाते व हाडे उठून दिसतात. भरपूर पाणी पिणे, प्रतिमा घेण्यापूर्वी लघवी करून येणे आणि मेजावर निश्चल राहणे एवढे पथ्य पुरेसे असते. गरोदर अथवा अंगावर पाजणाऱ्या स्त्रीने मात्र तसे आधीच डॉक्टरांना सांगावे. टेक्नेशियमचे अर्धायुष्य सहा तासांचे आहे; दुसऱ्या दिवशी त्याच वेळेपर्यंत शरीरात एक-षोडशांशाहूनही कमी द्रव्य उरते.