चार जीबीची मर्यादा आणि डेटाबेसचा बॅकअप

फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या बाह्य डिस्कवर एका फाइलचा आकार ४ जीबीपेक्षा एक बाइट कमी, म्हणजे ४,२९,४९,६७,२९५ बाइट, एवढाच असू शकतो, कारण त्या रचनेत आकार नोंदवण्यासाठी ३२ बिटांचीच जागा राखलेली असते. डिस्कवर शेकडो जीबी मोकळे असूनही डेटाबेसचा बॅकअप अर्ध्यावर अडतो तो यामुळेच.

पोस्टग्रेस या डेटाबेस-प्रणालीतील पीजी_डंप, म्हणजे सगळे टेबल आणि त्यांतील नोंदी पुन्हा उभारता येतील अशा रूपात बाहेर काढणारा प्रोग्राम, आपला मजकूर फाइलऐवजी थेट दुसऱ्या प्रोग्रामच्या हाती देऊ शकतो. तो मजकूर ‘पाइप’ने आधी आकार लहान करणाऱ्या जीझिपकडे आणि मग तुकडे पाडणाऱ्या स्प्लिटकडे वळवला, की अवाढव्य फाइल डिस्कवर तयारच होत नाही, थेट दोन-दोन जीबींचे तुकडे पडत जातात, आणि त्यांच्या नावांना एए, एबी, एसी अशी शेपटे लागत असल्याने कॅट ही आज्ञा त्यांना योग्य क्रमाने जोडते.

हा उपाय देखणा असला तरी निर्धोक नव्हे. शेल, अर्थात आज्ञा चालवणारा प्रोग्राम, एरवी पाइपमधल्या शेवटच्या दुव्याचेच यशापयश पाहते, त्यामुळे पीजी_डंप मध्येच कोलमडले तरी स्प्लिट सुखरूप संपल्यास सारे आलबेल भासते. बॅश या शेलमध्ये, कोणताही दुवा फसला तरी अपयश कळवणारा ‘पाइपफेल’ हा पर्याय चालू ठेवणे म्हणूनच अत्यावश्यक ठरते.

पीजी_डंपच्या ‘डिरेक्टरी’ स्वरूपात प्रत्येक टेबलची स्वतंत्र फाइल होते खरी, पण एखादे टेबलच अवाढव्य असेल तर अडचण कायम राहते. डिस्क रिकामी करणे शक्य असल्यास ती चार जीबीची मर्यादा नसलेल्या एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करणे सर्वांत सोपे.