एक 'आर' गळाला त्याची गोष्ट



मागच्या सुट्टीत माझा भाचा संगणकासमोर हिरमुसून बसला होता. शाळेसाठी तो एक वेबपान तयार करीत होता. मथळ्याची अक्षरे लाल व्हावीत म्हणून त्याने आज्ञा लिहिली, पण अक्षरे काळीच राहिली. पानावर कुठे चूकही दिसेना. अर्ध्या तासाने उलगडा झाला. 'कलर' हा शब्द त्याने आपल्या मॉरिशसच्या शाळांत शिकवतात तसा, 'यू' अक्षर घालून लिहिला होता. वेबपानाच्या रंगांची आज्ञा मात्र अमेरिकन स्पेलिंगच ओळखते. 'यू' काढला आणि अक्षरे लाल झाली.

"मामा, मग शाळेत शिकवलेलं चूक का?" त्याने विचारले. मी स्वतः शिक्षक, तरी मला चटकन उत्तर देता आले नाही.

उत्तरासाठी अमेरिकेचा इतिहास पाहावा लागतो. नोहा वेब्स्टर हेही पेशाने शिक्षक होते. १७८३ साली त्यांचे स्पेलिंगचे पुस्तक निघाले आणि पिढ्यान्‌पिढ्या मुले त्यावर शिकली. १८२८ साली त्यांनी सुमारे ७० हजार शब्दांचा कोश प्रसिद्ध केला. 'यू' नसलेला 'कलर' तिकडे रुळला तो मुख्यतः त्यांच्यामुळे. पुढे संगणकाचा मोठा कारभार त्याच देशात वाढला व त्याच्या आज्ञा त्याच स्पेलिंगमध्ये लिहिल्या गेल्या. म्हणजे भाच्याचे स्पेलिंग चूक नव्हते. त्या घरची रीत निराळी होती, एवढेच.

सॉफ्टवेअर कसे वापरावे हे सांगणाऱ्या माहितीपुस्तिका एक माणूस लिहीत नाही, पुष्कळ माणसे लिहितात. एकाने 'ईमेल' जोडरेघ देऊन लिहिला, दुसऱ्याने रेघेवाचून, तर नवख्या वाचकाला वाटते, या दोन वेगळ्या वस्तू आहेत की काय! म्हणून मायक्रोसॉफ्ट, गूगल यांसारख्या कंपन्यांनी आपल्या लेखकांसाठी लेखनाचे नियम व शब्दांच्या याद्या केल्या आहेत. दोन रूपे बरोबर असली तरी एक निवडायचे आणि पहिल्या पानापासून शेवटपर्यंत तेच ठेवायचे. 'ईमेल'मधली रेघ असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेनेही २०११ साली आपल्या नियमांतून काढली. रीत बदलता येते, पण सर्वांना सांगून बदलावी लागते.

न सांगता झालेली चूक किती वर्षे टिकते, हे 'रेफरर' शब्दावरून कळते. आपण एका वेबपानावरून दुवा दाबून दुसरीकडे गेलो की कुठून आलो हे ब्राउझर त्या दुसऱ्या ठिकाणाला कळवू शकतो. त्या निरोपाचे नाव 'रेफरर'. इंग्रजीत या शब्दाच्या मध्ये दोन 'आर' हवेत. वेबचे नियम लिहिताना एक 'आर' गळाला आणि मे १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दस्तऐवजात तो शब्द तसाच छापला गेला. तोवर जगभरच्या संगणकांनी ते रूप स्वीकारले होते. दुरुस्त करावे तर जुनी आणि नवी यंत्रे एकमेकांचा निरोप ओळखणार नाहीत. म्हणून २०२२ च्या नव्या नियमांतही चुकीचे स्पेलिंग कायम आहे, आणि ते चुकीचे आहे हे तिथेच नोंदवलेले आहे. नंतर आलेल्या 'रेफरर-पॉलिसी' या नावात मात्र दोन्ही 'आर' आहेत. त्यामुळे प्रत्येक नव्या प्रोग्रामरला दोन्ही रूपे ध्यानात ठेवावी लागतात.

हे वाचून हसू येईल, पण आपल्या घरांतही तीच कथा आहे. आमच्या आजोबांचे नाव जन्माच्या दाखल्यात एक तऱ्हेने आहे, लग्नाच्या दाखल्यात दुसऱ्या. बोलणारा मराठी, लिहिणारा फ्रेंच वळणाचा, मग दुसरे काय होणार? पुढे जमिनीच्या कागदांसाठी हे दोघे एकच गृहस्थ, असे माझ्या वडिलांना शपथेवर सांगावे लागले. एका अक्षरापायी कितीतरी खेपा झाल्या. मोक्याच्या महात्मा गांधी संस्थेत आपल्या पूर्वजांच्या आगमनाच्या नोंदी आहेत. तिथे नाव शोधायचे असेल तर एकाच स्पेलिंगवर अडून बसू नका. नाव उच्चारून पाहा आणि जितक्या तऱ्हांनी लिहिता येईल तितक्या तऱ्हांनी शोधा.

भाच्याला मी शेवटी एवढेच सांगितले: "शाळेत 'यू' घाल, वेबपानात काढ. पण एका कामात दोन रीती मिसळू नकोस." मग आम्ही दोघांनी एका वहीत घरातल्या सर्वांची नावे दाखल्यांवरून उतरवून घेतली. दोन ठिकाणी फरक निघाला. तो कोणत्या कागदात आहे तेही शेजारी लिहून ठेवले. आपणही एका रविवारी हे काम करावे. नातवंडांच्या खेपा वाचतील.