राघोबाचं टाइमटेबल

पोपट दत्तक घेणं म्हणजे नुसता पिंजरा उचलून आणणं नव्हे. एका घाबरलेल्या पाहुण्याने मला शिकवलेला हा फंडा!

सकाळी सहा वाजता माझ्या हॉलमधून हाक आली, ‘अहो, ऐकलंत का?’

मी कोथरूडच्या वन बीएचकेत एकटी राहते. लग्न वगैरे झालेलं नाही. त्यामुळे ‘अहो’ अशी हाक मारणारं आणि त्या हाकेला ओ देणारं, दोन्ही पार्ट्या घरात नाहीत. मी खाडकन जागी झाले. पाठोपाठ एक खोकला आला, म्हाताऱ्या माणसाचा, घसा खाकरून काढलेला. मग कुकरच्या तीन शिट्ट्या. आणि मग एकदम शांतता.

हा होता राघोबा. जात आफ्रिकन ग्रे, वय वर्षं १४, अंग राखाडी, शेपूट लालभडक, मूळ पत्ता सदाशिव पेठ. नाव आजोबांनी ठेवलेलं. राघू तर आहेच, शिवाय पेशवाईतल्या राघोबादादांसारखाच कधी काय करील नेम नाही, असा आजोबांचा पीजे!

आजोबा गेले. आजींना मुलाने न्यू जर्सीला न्यायचं ठरवलं. आजींचा व्हिसा झाला, पण राघोबाचं काय? आफ्रिकन ग्रे हा पक्षी २०१७ पासून ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या सर्वांत कडक यादीत आहे. त्याला परदेशी न्यायचं तर दोन्हीकडच्या परवानग्या, क्वारंटाइन, कागदांवर कागद. पंचाहत्तरीच्या आजींना ते झेपणारं नव्हतं. त्या माझ्या मैत्रिणीच्या आजी. ‘तू फ्रीलान्सर ना, दिवसभर घरीच असतेस,’ एवढ्या एका क्वालिफिकेशनवर माझं सिलेक्शन झालं आणि जूनमध्ये, पहिल्या पावसात, राघोबा रिक्षाने माझ्याकडे आला.

वेलकम पार्टीचा बट्ट्याबोळ

जुना पिंजरा गंजला होता, म्हणून मी ऑनलाइन मोठ्ठा नवा मागवला. आरसा, घंटा, झोके, रंगीत दोऱ्या, सगळं नवं कोरं. व्ह्यू छान मिळावा म्हणून पिंजरा ठेवला हॉलच्या मोठ्या खिडकीत. पहिल्याच शनिवारी मित्रमंडळींना बोलावलं. सगळ्यांनी फोटो काढले, शिट्ट्या मारल्या, ‘मिठू मिठू’ करून झालं.

राघोबा कोपऱ्यात पुतळ्यासारखा उभा. पिसं अंगाला घट्ट चिकटलेली, मान ताणलेली. मला वाटलं, किती शांत आहे! लाडाने हात आत घातला तर त्याने अंगठा असा फोडला, की थेट धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यावं लागलं.

दुसऱ्या आठवड्यात तो माझ्याकडे पाठ करून बसायला लागला. मी जवळ गेले की गुरगुरायचा. खाणं निम्म्यावर आलं. आणि एके दिवशी पिंजऱ्याच्या तळाशी मला मऊ राखाडी पिसांचा ढीग दिसला. छातीवर रुपयाएवढी जागा उघडी पडली होती. पिसं झडली नव्हती, त्याने स्वतःच्या चोचीने ती उपटली होती.

त्या रात्री मी सॉलिड रडले. एका म्हाताऱ्या बाईने विश्वासाने दिलेला जीव आपल्या घरात स्वतःला सोलतोय, ही फीलिंग फार वाईट असते.

डॉक्टर म्हणाले, ‘मॅडम, तुम्ही त्याच्यासाठी घार आहात’

पक्ष्यांची माहिती असलेला व्हेट शोधायला दोन दिवस गेले. कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर गल्लोगल्ली मिळतात, पोपटाचा मिळणं कठीण. त्यांनी आधी राघोबाला वजनकाट्यावर ठेवलं. ३९० ग्रॅम. आफ्रिकन ग्रे साधारण ४०० ते ५०० ग्रॅमचा असतो, म्हणजे हा काठाच्या खालीच. मग रक्त आणि विष्ठेची तपासणी. पिसं उपटण्यामागे त्वचेचा रोग, जंत, लिव्हरचा त्रास, काहीही असू शकतं, त्यामुळे ‘टेन्शनमुळे असेल’ म्हणून सोडून द्यायचं नाही, हे त्यांनी बजावलं.

रिपोर्ट बरे आले. म्हणजे उरलं टेन्शनच.

‘पोपट हा शिकार होणारा प्राणी,’ डॉक्टर सांगत होते. ‘त्याचे डोळे बघा, डोक्याच्या दोन बाजूंना. चहूकडून धोका दिसावा म्हणून. तुम्ही त्याला खिडकीत ठेवलंत. बाहेर घारी फिरतात. त्याला पळायला जागा नाही, लपायला भिंत नाही. वरून तुमचा हात येतो. आता त्याच्या दृष्टीने तुमच्यात आणि घारीत फरक काय?’

मला बोलायला काही सुचलं नाही. पावसाळ्यातही आमच्या बिल्डिंगवर घारी घिरट्या घालतात. मी रोज बघते. त्याच्या बाजूने कधी बघितलंच नव्हतं.

आणखी एक गोष्ट. हा पक्षी कमालीचा हुशार. डॉ. आयरीन पेपरबर्ग या अमेरिकी संशोधिकेने १९७७ साली दुकानातून एक आफ्रिकन ग्रे घेतला, त्याचं नाव अॅलेक्स. २००७ मध्ये तो गेला, तोवर रंग, आकार, आकडे ओळखून शब्दांत सांगायला शिकला होता. ज्या डोक्याला एवढं कळतं, त्याला आपलं घर, आपली माणसं एका दिवसात गायब झाल्याचं कळणार नाही?

आजींचा फोन

संध्याकाळी सातला, म्हणजे तिकडे सकाळी साडेनऊला, मी न्यू जर्सीला फोन लावला. पिसांबद्दल सांगायची हिंमत होत नव्हती. पण सांगितलं.

आजी क्षणभर गप्प. मग म्हणाल्या, ‘अगं, सहाला रेडिओ लावतेस ना?’

‘रेडिओ?’

‘आमच्याकडे सहाला रेडिओ लागतो. मग चहा. नऊला त्याला फळ. दुपारी एकला आमची पानं वाढली की त्यालाही वाटीत गाजर, भोपळा. चारला पुन्हा चहा, तेव्हा तो बाहेर येतो, ह्यांच्या खुर्चीच्या पाठीवर बसतो. सातला दिवा मंद करायचा, चादर टाकायची आणि म्हणायचं, झोपा आता. चौदा वर्षांत एक दिवस चुकला नाही बघ.’

मी वहीत लिहून घेत होते आणि डोक्यात लख्ख प्रकाश पडत होता. माझं रुटीन काय? सकाळी कधी आठला उठणार, कधी अकराला. डेडलाइन असली की रात्री दोनपर्यंत हॉलमध्ये ट्यूबलाइट. जेवण स्विगीच्या कृपेने, कधीही. मी राघोबाचा पिंजरा, पासबुकासारखं लसीचं कार्ड नसलं तरी कागदपत्रं, खेळणी, सगळं विचारून घेतलं होतं. त्याचं टाइमटेबल विचारायचंच राहिलं होतं.

थोडक्यात काय, तर घाबरलेल्या पक्ष्याला आपलं प्रेम नंतर हवं असतं. आधी हवा असतो अंदाज. आता यानंतर काय होणार, हे त्याला कळलं पाहिजे.

री-एण्ट्री

मग मी सगळं उलटं केलं. पिंजरा खिडकीतून काढून हॉलच्या कोपऱ्यात, दोन बाजूंना भिंत, माझ्या छातीच्या उंचीवर. आरसा, घंटा बाहेर. मैत्रिणीचा मामा सदाशिव पेठेतलं घर आवरत होता. त्याच्याकडून जुन्या पिंजऱ्यातली बसायची पेरूची फांदी आणली, चौदा वर्षांच्या नखांनी गुळगुळीत झालेली. ती आत बांधली त्या दुपारी राघोबा तिच्यावर चढला, एक पाय पोटाशी घेतला आणि चोच घासायला लागला. कुरकुर, कुरकुर. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, ‘हे रिलॅक्स झाल्याचं लक्षण.’

सहाला रेडिओ. सातला चादर. ‘झोपा आता.’ पोपटाला रोज १० ते १२ तासांची शांत, अंधारी झोप लागते, म्हणून माझं लॅपटॉपचं बस्तान बेडरूममध्ये हललं. सोशल लाइफची वाट लागली, खोटं कशाला बोलू!

दुसरा नियम: हात लावायचा नाही. पिंजऱ्यापासून सहा फुटांवर खुर्ची टाकून मी रोज माझं काम करत बसायची, त्याच्याकडे टक लावून न बघता. तो निवांत दिसला की खुर्ची वीतभर पुढे. पिसं आवळली, मान ताणली, की मी मागे. जाता-येता वाटीत एक सूर्यफुलाची बी टाकायची आणि निघून जायचं. आधी नुसत्या बियाच खात बसायचा, पण त्यात चरबी फार आणि ए जीवनसत्त्व, कॅल्शियम कमी. म्हणून बिया आता फक्त बक्षीस म्हणून. रोजच्या खाण्यात पेलेट्स हळूहळू वाढवले, जोडीला शेवग्याचा पाला, लाल भोपळा, गाजर. हिरवी मिरची तर आवडती! पक्ष्यांना मिरचीचा तिखटपणा जाणवतच नाही.

पाचव्या आठवड्यात त्याने माझ्या बोटांतून बी घेतली. मग एक चॉपस्टिक आणली. तिच्या टोकाला चोच लावली की बी. त्याला खेळ समजला. तो स्वतःहून काठीच्या मागे दारापर्यंत यायचा आणि नको असलं की परत जायचा. मी ‘नाही’ ऐकून घेते, हे त्याला कळलं तसा तो ‘हो’ म्हणायला लागला. (हे माझ्या दोन-तीन एक्स बॉयफ्रेण्ड्सना शिकवायला हवं होतं. असो.)

सगळं सरळ मात्र गेलं नाही. गणपतीत ढोल-ताशांचा दणदणाट सुरू झाला आणि छातीवरची जागा पुन्हा उघडी पडली. विसर्जनाच्या रात्री मी त्याचा पिंजरा आतल्या खोलीत, खिडक्या बंद करून, रेडिओ लावून ठेवला आणि बाहेर जमिनीवर गादी टाकून झोपले. दिवाळीच्या वेळी ही सगळी तयारी आधीच केली. तेव्हा त्याने एकही पीस उपटलं नाही.

ऑफिसवाल्यांनी काय करावं?

हा प्रश्न मला सगळेच विचारतात. खरं सांगू? दहा तास ऑफिस, दोन तास ट्रॅफिक आणि वीकएण्डला ट्रेक, असं लाइफ असेल तर आफ्रिकन ग्रेच्या वाटेला जाऊ नका. त्याला रोज दोन-तीन तास पिंजऱ्याबाहेर आणि सोबत लागते, आणि तो ४०-५० वर्षं जगू शकतो. तुमच्या होम लोनपेक्षा ही कमिटमेंट मोठी! घरात आई-बाबा असतील, वेळा पाळता येत असतील, तर विचार करा. आणि घेतलाच तर एवढं लक्षात ठेवा, की सहा महिने तो तुमच्या अंगाखांद्यावर खेळणार नाही. वेळ त्याचा, घड्याळ तुमचं.

राघोबाचं वजन आता ४२८ ग्रॅम आहे. छातीवर बारीक पिसं आली आहेत. थोडी जागा अजून मोकळी आहे. पुन्हा पुन्हा उपटून मुळं दुखावली असतील तर तिथे कदाचित कधीच येणार नाहीत, असं डॉक्टर म्हणतात. चारला तो माझ्या खुर्चीच्या पाठीवर येऊन बसतो.

सकाळी सहाची हाक मात्र अजून तशीच आहे. मी ती बदलायचा प्रयत्न केला नाही. दर रविवारी आजींचा व्हिडिओ कॉल असतो. परवा बोलता बोलता राघोबा मागून आजींच्याच आवाजात म्हणाला, ‘अहो, ऐकलंत का?’ आणि लगेच आजोबांचा खोकला.

आजींनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाल्या, ‘ऐकलं रे बाबा. चहा झाला का तुझा?’

पोपट दत्तक घेताय?

• आपला हिरवा राघू किंवा पहाडी पोपट पाळणं हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. ‘आमच्याकडे आधीपासून आहे’ ही सबब चालत नाही.

• ‘साइट्स’ यादीतल्या परदेशी पक्ष्यांची नोंदणी २०२४ च्या नियमांनुसार ‘परिवेश’ पोर्टलवर करावी लागते. नव्या मालकाला ३० दिवसांची मुदत असते. आधीच्या मालकाचे कागद घेतल्याशिवाय पक्षी घरी आणू नका.

• आणण्याआधी एक दिवस जुन्या घरी जाऊन बसा. उठण्या-झोपण्याच्या वेळा, खाणं, हाका, ओळखीचे आवाज लिहून घ्या. एखादी जुनी वस्तू मागून आणा.

• पहिल्या आठवड्यात पक्ष्यांच्या डॉक्टरकडे न्या. पोपट आजार लपवतो, म्हणून रोज सकाळी किचनच्या काट्यावर वजन करा. ते सारखं घसरत असेल तर थांबू नका.

• नॉनस्टिक तवा जास्त तापला तर त्याचा धूर पक्ष्याचा काही मिनिटांत जीव घेऊ शकतो. डासांची कॉइल, अगरबत्ती, धूप, रूम फ्रेशनरही दूर ठेवा.

• अॅव्होकाडो, चॉकलेट, चहा-कॉफी, खारवलेले पदार्थ द्यायचे नाहीत. लाडाने बशीतला चहासुद्धा नाही!