अब्बांचे न सांगितलेले दुखणे

पुरुषांच्या मूत्राशयाखाली प्रोस्टेट ही ग्रंथी असते. तिच्या कॅन्सरच्या नोंदी मुंबई-पुण्यात जास्त, तर 1987 पासून चालणाऱ्या बार्शीच्या ग्रामीण नोंदणीत कमी. जगात 2020 मध्ये नोंदींचे प्रमाण उत्तर युरोपात सर्वाधिक होते, मृत्यूंचे मात्र कॅरिबियन बेटांत! एक मोठे कारण तपासणीचे. जिथे पीएसए ही रक्ततपासणी सर्रास होते, तिथे आजार लवकर सापडतो. कासूसारख्या गावात ती कोण करून घेतो? रात्री चारदा उठणारे, वुजू टिकत नाही म्हणून कष्टी होणारे अब्बा ‘वय झालं’ म्हणून गप्प राहतात. बहुतेकदा ती ग्रंथीची साधी वाढच असते, पण ते डॉक्टरांना ठरवू द्या. लघवीत रक्त दिसले किंवा कंबरेचे हाड सतत दुखू लागले, तर अजिबात थांबू नका. कासूहून रेल्वेने पनवेल गाठले की टाटाचे खारघर केंद्र दूर नाही.