सर्वांत वेगवान तोच विजेता?

ट्रॅक सायकलिंगची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १८९३ साली शिकागो येथे प्रथम भरली. इतकी जुनी परंपरा असूनही, जो सर्वांत वेगाने सायकल हाकतो तोच जिंकतो, ही समजूत आपल्याकडे अद्याप दृढमूल आहे, आणि वस्तुस्थितीशी ती अर्धीमुर्धीच जुळते.

स्प्रिंटचेच पाहा. आरंभी प्रत्येकाची २०० मीटरची वेळ घेतात खरी, परंतु तिच्यावरून केवळ पात्रता आणि क्रमवारी ठरते; पुढे प्रतिस्पर्धी समोरासमोर आले, की घड्याळाला काही अधिकार उरत नाही, अंतिम रेषा आधी ओलांडील तोच विजयी. २५० मीटरच्या ट्रॅकवरील तीन फेऱ्यांच्या या लढतीत प्रारंभी दोघेही पायी चालणाऱ्याच्या गतीने जातात, क्वचित जागच्या जागी तोल सावरून स्तब्ध उभे राहतात, आणि नवखा प्रेक्षक त्याला आळस समजतो. वास्तविक पुढच्याला वारा कापावा लागतो व मागच्याला त्याचा आडोसा मिळतो, म्हणून दुसऱ्याने पुढे व्हावे यासाठी ही सारी खटपट असते. पुढे गेलेला मान वळवून सारखा मागे पाहत राहतो. मागचा मात्र वळणावर सुमारे ४२ ते ४५ अंशांनी चढलेल्या ट्रॅकच्या वरच्या कडेला जाऊन थांबतो आणि संधी साधून उतारावरून असा झेपावतो, की वेग त्याला जणू आयता मिळतो. माझ्या मते या खेळाचे खरे वैभव याच क्षणी आहे. जपानच्या कोइची नाकानोने १९७७ ते १९८६ अशी सलग दहा वर्षे व्यावसायिकांचे स्प्रिंट अजिंक्यपद राखले, ते केवळ पायांतील बळावर खचित नव्हे.

या सायकलींना ब्रेक नसतात, सबब खेळ बेफाम, हाही एक ग्रह. चाक फिरते तोवर पायडल फिरतेच, त्यामुळे पायांनी विरोध करून किंवा चढावर जाऊन गती आवरता येते. उलट घोळक्यात एखाद्याने एकाएकी ब्रेक दाबला, तर मागच्यांवर अनर्थ ओढवेल.

विक्रम अंतिम लढतीतच होतात, असेही बिनदिक्कत गृहीत धरले जाते. ऑक्टोबर २०२४ मध्ये डेन्मार्कमधील बॅलेरुप येथील जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत चार किलोमीटरच्या वैयक्तिक परस्यूटच्या पात्रता फेरीत ब्रिटनच्या जॉश चार्ल्टनने ३ मिनिटे ५९.३०४ सेकंदांचा विश्वविक्रम नोंदवला, आणि त्याच फेरीत इटलीच्या जोनाथन मिलानने ३ मिनिटे ५९.१५३ सेकंदांत तो मोडलाही. पुढे सुवर्णपदकही मिलाननेच जिंकले.

टीम परस्यूटमध्ये चौघे धावतात, तथापि वेळ तिसऱ्याच्या पुढच्या चाकावर ठरते. म्हणून पुढे राहून वारा कापता कापता थकलेला चौथा मागे पडला, तर ती हार नसून संघासाठी केलेला त्याग असतो.

भारताचा या खेळाशी संबंध नाही, हे मत तर साफ निराधार आहे. २०१८ साली स्वित्झर्लंडमधील एगल येथील कुमारांच्या जागतिक स्पर्धेत अंदमान-निकोबारच्या एसो अल्बेनने केरिन शर्यतीत रौप्यपदक मिळवले, आणि पुढच्याच वर्षी जर्मनीतील फ्रँकफुर्ट (ओडर) येथे, तो ज्यात होता त्या भारतीय त्रिकुटाने टीम स्प्रिंटचे सुवर्णपदक जिंकले.